विलायती कोळशाचा अस्त

इंग्लंडच्या उत्तर भागांत, यॉर्कशायर परगण्यांत, केलिंग्ली नांवाची कोळशाची एक खाण होती. ता. १८ डिसेंबर २०१५ रोजीं तेथील शेवटची पाळी संपली. सुमारें आठशें मीटर खोल विहिरींतून पाळणा वर आला, काळवंडलेल्या चेहऱ्यांचे कामकरी बाहेर पडले, आणि त्यांच्या जागीं खालीं उतरणारी दुसरी पाळी उरली नव्हती. दुसऱ्या दिवशीं शेजारच्या नॉटिंग्ली गांवांतून हजारों लोकांची मिरवणूक निघाली. झेंडे होते, वाद्यें होतीं, बायकामुलें होतीं. परंतु ती एका धंद्याची अंत्ययात्रा होती. ब्रिटनमधील ही शेवटची खोल खाण. तिच्याबरोबर सुमारें साडेचारशें माणसांचें काम गेलें आणि कित्येक शतकें चालत आलेल्या एका व्यवसायाचें दप्तर कायमचें मिटलें.

यांत नवलाची गोष्ट अशी कीं, केलिंग्लीच्या पोटांतला कोळसा संपलेला नव्हता. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं 'दि कोल क्वेश्चन' हा ग्रंथ लिहून आपल्या देशबांधवांस इशारा दिला होता कीं, कोळसा जसजसा अधिक खोलीवरून काढावा लागेल तसतसा तो महाग होत जाईल आणि इंग्लंडच्या उद्योगधंद्यांचें वैभव ओसरूं लागेल. त्या ग्रंथानें मोठी खळबळ उडाली, पार्लमेंटांत त्याची चर्चा झाली, चौकशीसाठीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. कोळशाचें तळघर एके दिवशीं रिकामें होईल ही धास्ती पुढें दोनतीन पिढ्या टिकून होती. प्रत्यक्षांत तळघर भरलेलेंच राहिलें आणि घरच्या लोकांनीं त्याच्या दाराला कुलूप घातलें. हें कसें घडलें, आणि कुलूप घालतांना आंत कोण कोंडलें गेलें, हा प्रश्न खाणीच्या खोलीपेक्षांहि खोल आहे.

या कोळशाशीं मुंबईचाहि जुना ऋणानुबंध आहे. बंगालचा कोळसा आगगाडीनें स्वस्तांत येऊं लागण्यापूर्वीं मुंबईच्या पहिल्या रेलगाड्या, पहिल्या गिरण्या आणि बंदरांत येणाऱ्या आगबोटी यांना लागणारा कोळसा मोठ्या प्रमाणावर विलायतेहून येत असे. त्यांतहि वेल्सचा कोळसा नांवाजलेला. आंच मोठी आणि धूर थोडा, म्हणून ब्रिटिश आरमाराची त्यावर विशेष मर्जी. साम्राज्य समुद्रावर पसरलें तें या काळ्या दगडाच्या जोरावर, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं. १९१३ हें या धंद्याच्या भरभराटीचें शिखर. त्या एका वर्षांत ब्रिटनच्या खाणींतून २८ कोटी ७० लक्ष टन कोळसा निघाला. त्यांतला सुमारें एकतृतीयांश परदेशीं किंवा परदेशीं जाणाऱ्या जहाजांच्या भट्ट्यांत गेला. आणि सुमारें ११ लक्ष माणसें या धंद्यावर जगत होतीं.

त्याच १९१३ सालीं, १४ ऑक्टोबरच्या सकाळीं, वेल्समधील सेंगहेनिड येथील खाणींत स्फोट झाला. ४३९ कामकरी आणि त्यांना सोडवावयास गेलेला एक माणूस असे ४४० जीव गेले. ब्रिटनच्या इतिहासांतील खाणीचा हा सर्वांत भीषण अपघात. चौकशी झाली, खटला झाला, आणि व्यवस्थापकास २४ पौंड व कंपनीस १० पौंड दंड झाला. कोणीं तरी हिशेब करून पाहिला तेव्हां माणशीं एक शिलिंग आणि वर कांहीं पेन्स एवढी किंमत निघाली! शिखराच्या वर्षाची ही दुसरी बाजू विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाणें योग्य होणार नाहीं. खाण ही कधींच सुखाची जागा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तर पांचसहा वर्षांचीं पोरें खाणींत बसत. हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यांत लांकडी दारें असत. कोळशाची गाडी आली कीं दोरी ओढून दार उघडावयाचें आणि ती गेली कीं तें मिटूं द्यावयाचें, एवढेंच त्यांचें काम. परंतु तें बारा बारा तास, एकट्यानें आणि काळोखांत. १८४२ च्या कायद्यानें बायका, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखालीं नेण्यास बंदी झाली. पुरुषांना मात्र अपघात आणि छातींत बसणारी कोळशाची भुकटी पांचवीला पुजलेलीच राहिली.

मग असल्या जागेवर माणसांनीं एवढा जीव कां लावला? ज्यांनीं ए. जे. क्रोनिन यांच्या कादंबऱ्या वाचल्या असतील, त्यांना या प्रश्नाचें उत्तर थोडेंफार ठाऊक असेल. क्रोनिन हे पेशानें डॉक्टर आणि कांहीं काळ वेल्समधील ट्रेडीगर या खाणगांवांत नोकरीस होते. तेथील कामकऱ्यांनीं आपल्या मजुरींतून दर पौंडामागें कांहीं पेन्स काढून एक वैद्यकीय मंडळ चालविलें होतें. त्यांतून डॉक्टरांचे पगार निघत आणि आजारी माणसाला औषधपाणी मिळे. त्याच गांवांत तेराव्या वर्षीं खाणींत उतरलेला एक मुलगा पुढें मंत्री झाला. त्याचें नांव अन्यूरिन बेव्हन. जुलै १९४८ मध्यें त्यानें साऱ्या देशासाठीं मोफत वैद्यकीय मदतीची जी राष्ट्रीय योजना सुरू केली, तिचा नमुना या खाणवाल्यांच्या मंडळांतच त्याला सांपडला होता. वर्गणी काढून बांधलेल्या सभागृहांत वाचनालय असे, नाटकें होत, वादविवाद रंगत. गांवोगांव पितळी वाद्यांचे बँड असत, भजनगृहांतून गायकांचे मेळे असत. कबुतरें पाळावयाचीं, परसांत भाजी लावावयाची, आणि आठवड्याच्या शेवटीं फुटबॉल पाहावयाचा. खाणीच्या तोंडाशीं न्हाणीघरें होण्यापूर्वीं कामावरून परतलेला नवरा चुलीपुढें पत्र्याच्या टबांत बसून अंग धूत असे, आणि एका घरांत बाप व दोन मुलगे निरनिराळ्या पाळ्यांस जात असले म्हणजे त्या घरच्या बाईचा सारा दिवस पाणी तापविण्यांत जाई. खाणीचे कष्ट नुसते खाणींतच नव्हते; ते घराच्या उंबऱ्याच्या आंतहि होते. जमिनीखालीं माणूस ज्याच्या भरंवशावर छत तोलून धरतो, त्याच्याशीं त्याचें जें नातें जडतें तें कारखान्यांतील शेजाऱ्याशीं सहसा जडत नाहीं. गांव आणि खाण हीं एकाच शरीराचीं अंगें होऊन बसलीं होतीं, आणि पुढचा सगळा अनर्थ येथूनच उगवला.

मजुरींत कपात आणि तासांत वाढ यांविरुद्ध १९२६ सालीं खाणकामकऱ्यांनीं झुंज दिली. त्यांच्या पाठिंब्यासाठीं मे महिन्यांत साऱ्या देशांत झालेला सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मोडला, परंतु खाणवाले हिंवाळ्यापर्यंत एकटेच टिकून राहिले आणि अखेरीस उपासमारीनें नमले. त्या पराभवाची जखम पुरी एक पिढी ओली होती. म्हणूनच १ जानेवारी १९४७ रोजीं खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें आणि ही खाण आतां जनतेच्या वतीनें नॅशनल कोल बोर्ड चालवीत आहे, अशा आशयाच्या पाट्या प्रत्येक खाणीवर लागल्या, तेव्हां त्या दिवशीं अनेकांच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें असल्यास आश्चर्य नाहीं. नऊशेंहून अधिक खाणी आणि सुमारें सात लक्ष माणसें बोर्डाच्या पदरीं आलीं. मालक गेला, आतां धनी आपणच, असें लोकांना वाटलें.

दहा वर्षें बरी गेलीं. युद्धानंतरच्या टंचाईंत कोळसा जितका निघेल तितका थोडाच होता. १९५७ नंतर मात्र वारें फिरलें. आखाती प्रदेशांतील तेल स्वस्त झालें. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर काळें धुरकें दाटून हजारों माणसें दगावलीं होतीं, त्यामुळें १९५६ मध्यें शुद्ध हवेचा कायदा झाला आणि शहरांतील घरगुती शेगड्या विझूं लागल्या. रेल्वेनें वाफेचीं इंजिनें टाकून दिलीं. १९६८ सालीं त्यांची नियमित वाहतूक संपली. १९६५ मध्यें उत्तर समुद्राखालीं नैसर्गिक वायु सांपडला. या चार तडाख्यांनीं १९५७ ते १९७० या काळांत खाणींची संख्या आठशेंवरून तीनशेंच्या आसपास आली आणि कामकऱ्यांची सात लक्षांवरून तीन लक्षांच्या खालीं. हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूरपक्षाच्या कारकीर्दींत जेवढ्या खाणी बंद झाल्या तेवढ्या पुढें थॅचरबाईंच्या कारकीर्दींतहि झाल्या नाहींत. ही गोष्ट आज पुष्कळांस ठाऊक नसते; सारा दोष एकाच व्यक्तीच्या माथीं मारणें सोपें असतें.

तरीहि त्या काळांत मोठा उठाव झाला नाहीं. याचें कारण नीट समजून घेतलें पाहिजे. एक तर राज्य मजूरपक्षाचें, म्हणजे घरचेंच. पण खरें कारण हें कीं, बाहेर काम होतें. देशांत बेकारी थोडी होती, आणि डरहॅम किंवा स्कॉटलंडमधील खाण मिटली तर बोर्ड तेथील कामकऱ्याला नॉटिंगहॅमशायर वा यॉर्कशायरमधील मोठ्या खाणींत जागा देई. कुटुंबें बिऱ्हाड गुंडाळून दक्षिणेस गेलीं. गांव सोडण्याचें दुःख होतें, पण ताटांतलें अन्न गेलें नव्हतें. अर्थात् या सुरळीत दिसणाऱ्या व्यवहारालाहि क्रूर बाजू होती. डरहॅम परगण्याच्या १९५१ च्या आराखड्यांत शंभराहून अधिक खेड्यांना 'ड' वर्गाचा शिक्का मारण्यांत आला. त्याचा अर्थ, तेथें नवीन कांहीं बांधावयाचें नाहीं, जुनें पडेल तसें पडूं द्यावयाचें. एखाद्या म्हाताऱ्याला औषध न देतां केवळ त्याच्या मरणाची वाट पाहावी, त्यांतलाच हा प्रकार. कांहीं खेडीं नाहींशीं झालीं. कांहींनीं भांडून भांडून आपला जीव वांचविला आणि तीं अजून नांदत आहेत.

आणि याच काळांत ऍबरफॅन घडलें. वेल्समधील या गांवाच्या डोक्यावर डोंगराच्या उतारावर खाणींतील दगडमातीचे ढिगारे रचलेले होते, आणि सातव्या क्रमांकाचा ढीग तर झऱ्यांवरच उभा होता. गांवकऱ्यांनीं धोक्याची जाणीव दिली होती. ता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं सकाळीं शाळा नुकतीच भरली असतां तो ढीग घसरून खालीं आला. १४४ माणसें गाडलीं गेलीं. त्यांत ११६ मुलें होतीं. चौकशीमंडळानें दोष नॅशनल कोल बोर्डाच्या पदरांत टाकला. परंतु उरलेले ढीग हलविण्याचा खर्च आला तेव्हां, देशभरच्या लोकांनीं आपद्ग्रस्तांसाठीं पाठविलेल्या निधींतून दीड लक्ष पौंड घेण्यांत आले. ती रक्कम सरकारनें परत केली १९९७ सालीं, आणि तीहि व्याजावांचून! जनतेच्या नांवाची पाटी लावणारा धनीहि धनीच असतो, हें गांवांना त्या वर्षीं कळून चुकलें.

१९७२ व १९७४ च्या संपांत खाणवाल्यांनीं आपलें बळ पुन्हां एकदां दाखविलें. १९७४ च्या आरंभीं वीज वांचविण्यासाठीं कारखान्यांना आठवड्यांतून तीनच दिवस वीज मिळत होती. हुजूरपक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनीं देशाला कौल मागितला आणि ते सत्तेवरून गेले. हा अपमान त्यांचा पक्ष विसरला नाहीं. १९८१ मध्यें थॅचरबाईंच्या सरकारनें खाणी बंद करण्याचा विचार बोलून दाखविला आणि संपाची चिन्हें दिसतांच मुकाट्यानें माघार घेतली. परंतु ती माघार तयारीसाठीं होती. विजेच्या कारखान्यांजवळ कोळशाचे डोंगर रचले गेले, कायदे कडक झाले, आणि पोलादाच्या धंद्यांत मोठी नोकरकपात करून आलेले इयान मॅकग्रेगर १९८३ मध्यें कोल बोर्डाचे अध्यक्ष झाले.

ठिणगी पडली ती यॉर्कशायरमधील कॉर्टनवुड या खाणींत. शेजारची एल्सेकार खाण मिटल्यामुळें तेथील माणसें नुकतींच कॉर्टनवुडला आणलीं होतीं. येथें आणखी पांच वर्षें काम आहे, असें त्यांना सांगितलें होतें. आणि मार्च १९८४ च्या पहिल्याच दिवशीं समजलें कीं ही खाणहि बंद होणार. ६ मार्च रोजीं बोर्डानें जाहीर केलें कीं, वर्षाभरांत सुमारें वीस खाणी व वीस हजार जागा कमी होतील. युनियनचे अध्यक्ष आर्थर स्कार्गिल म्हणूं लागले कीं खरा आंकडा सत्तरांच्या घरांत आहे व तो लपविला जात आहे. सरकारनें ही गोष्ट साफ नाकारली. तीस वर्षांनंतर, २०१४ च्या जानेवारींत, मंत्रिमंडळाचे जुने कागद खुले झाले तेव्हां मॅकग्रेगर यांच्या मनांत तीन वर्षांत ७५ खाणी बंद करण्याचा बेत होता, असें आढळून आलें.

याचा अर्थ स्कार्गिल यांनीं सर्व कांहीं बरोबर केलें असा मात्र नव्हे. संपाच्या प्रश्नावर त्यांनीं देशभर मतदान घेतलें नाहीं, आणि ही चूक अखेरपर्यंत त्यांना भोंवली. नॉटिंगहॅमशायरमधील बहुसंख्य कामकरी मतदान नाहीं म्हणून कामावर जात राहिले. कोळसा निघत राहिला. आणि भाऊ एका बाजूस तर भाऊ दुसऱ्या बाजूस अशी घरोघर फूट पडली. संपहि अशा वेळीं पुकारला गेला कीं पुढें उन्हाळा होता, शेगड्या थंड होत्या. १८ जून १९८४ रोजीं ऑरग्रीव्ह येथें पिकेटिंग करणाऱ्या हजारों कामकऱ्यांची आणि पोलिसांची चकमक झाली. घोडेस्वार पोलीस जमावावर धांवले. पंचाण्णव लोकांवर खटले भरले गेले ते पुढें न्यायालयांत टिकले नाहींत. त्या दिवसाची सरकारी चौकशी जाहीर व्हावयाला मात्र २०२५ साल उजाडावें लागलें.

त्या वर्षाची खरी कथा रस्त्यापेक्षां स्वयंपाकघरांत घडली. युनियन संपाचा भत्ता देत नव्हती, तरी ती तो देते असें गृहीत धरून सरकारनें संपवाल्यांच्या कुटुंबांस मिळणाऱ्या मदतींतून दर आठवड्यास पंधरा पौंड कापून घेतले. तेव्हां गांवोगांवच्या बायका पुढें आल्या. सभागृहांतून सामुदायिक चुली पेटल्या. आजवर सभेंत तोंड न उघडलेल्या गृहिणी शहराशहरांतून भाषणें करीत हिंडल्या आणि धान्य, कपडे, मुलांसाठीं नाताळचीं खेळणीं गोळा करूं लागल्या. ज्या घरांतून देशाला ऊब जात होती त्या घरांत जाळावयाला कोळसा नव्हता. यॉर्कशायरमधील गोल्डथॉर्प येथें नोव्हेंबर १९८४ मध्यें दोन भाऊ, एक पंधरा वर्षांचा व एक चौदा वर्षांचा, बांधाच्या उतारावरून कोळशाचे तुकडे वेंचीत असतां माती कोसळून गतप्राण झाले. ३ मार्च १९८५ रोजीं युनियनच्या प्रतिनिधींनीं ९८ विरुद्ध ९१ मतांनीं संप मागें घेतला. तडजोड झाली नव्हती, हातीं कांहींच आलें नव्हतें. दोन दिवसांनीं लोक कामावर परतले ते ठिकठिकाणीं बँड वाजवीत आणि झेंडे उभारून.

सरकारचा युक्तिवाद असा होता कीं, तोट्यांतील खाण करदात्यानें किती काळ पोसावी? ऑस्ट्रेलियांतील उघड्या खाणींचा कोळसा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आला तरी स्वस्त पडतो, त्याला काय करावें? हा प्रश्न पोकळ नव्हता. पण त्याचें उत्तर कोणत्या वहींत शोधावयाचें यावर सारें अवलंबून असतें. ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू ग्लिन यांनीं १९८४ सालींच दाखवून दिलें होतें कीं, खाण बंद केल्यानंतर बेकारभत्ता, नुकसानभरपाई आणि बुडालेला कर यांचा बोजा सरकारच्याच माथीं येतो. तो धरला तर पुष्कळ 'तोट्याच्या' खाणी चालूं ठेवणेंच स्वस्त पडतें. खाणीच्या वहींत हा खर्च दिसत नव्हता, कारण तो दुसऱ्या खात्याच्या वहींत जात होता. एका खिशांतली बचत दुसऱ्या खिशांतून गळत होती. आणि ज्या गांवांत खाणीवांचून दुसरें कामच नाहीं तेथें १९६० च्या दशकांतला 'दुसऱ्या खाणींत जा' हा उपायहि आतां उरला नव्हता, कारण दुसरी खाणहि मिटत होती आणि देशांत तीस लक्षांवर लोक बेकार होते.

पुढचा क्रम वेगानें झाला. ऱ्होंड्डा खोऱ्यांतील शेवटची खाण डिसेंबर १९९० मध्यें मिटली. विजेचा धंदा खासगी झाला, त्यानें कोळसा सोडून वायूची कास धरली, आणि ऑक्टोबर १९९२ मध्यें उरलेल्या पन्नास खाणींपैकीं एकतीस बंद करण्याचें जाहीर झालें. या वेळीं मात्र, संपाच्या वेळीं गप्प राहिलेला मध्यमवर्गहि लंडनच्या मोर्चांत सामील झाला. उशीर झाला होता. जे नॉटिंगहॅमचे कामकरी संपांत कामावर जात राहिले, ज्यांची त्या वेळीं पाठ थोपटली गेली होती, त्यांच्याहि खाणी त्या यादींत होत्या.

वेल्समधील टॉवर खाणीची हकीगत येथें सांगितलीच पाहिजे. एप्रिल १९९४ मध्यें ही खाण परवडत नाहीं म्हणून बंद झाली. तेथील २३९ कामकऱ्यांनीं नोकरी गेल्याबद्दल मिळालेल्या भरपाईंतून प्रत्येकीं आठ हजार पौंड काढले आणि खाणच विकत घेतली. घरांतली सगळी पुंजी एका विहिरींत टाकण्यासारखेंच तें धाडस. त्यांच्या बायकांनीं त्या रात्रीं काय म्हटलें असेल, याची कल्पना कोणत्याहि घरांत करतां येईल. २ जानेवारी १९९५ रोजीं ते लोक वाजतगाजत आपल्या खाणींत परत गेले. न परवडणारी खाण पुढें तेरा वर्षें चालली व तिनें नफा मिळविला. जानेवारी २००८ मध्यें ती थांबली ती खालचा काढण्याजोगा कोळसा खरोखरच संपला तेव्हां. खाण म्हातारी होऊन मेली, असें जिच्याविषयीं म्हणतां येईल अशी ती विरळाच.

इतर गांवांचें काय झालें? यॉर्कशायरमधील ग्राइमथॉर्प हें गांव खाण मिटल्यानंतर वर्षाभरांत देशांतील सर्वांत दरिद्री गांवांत गणलें जाऊं लागलें. त्याचा १९१७ पासूनचा प्रसिद्ध बँड मात्र आजहि वाजतो. बेकारांच्या आंकड्यांत या गांवांची दैना नीटशी दिसत नसे. शेफील्ड हॅलम विद्यापीठांतील संशोधकांनीं याचें इंगित उलगडलें: काम गेलेले हजारों पुरुष बेकार म्हणून नव्हे तर आजारी म्हणून सरकारी मदतीवर गेले होते. त्यांतले कित्येक खरोखरच भुकटीनें, सांध्यांनीं खंगलेले होते. परंतु खाण चालूं असती तर तेच पुरुष कांहीं ना कांहीं हलकें काम करीत राहिले असते. ज्या ठिकाणीं बापाच्या ओळखीनें मुलगा कामाला लागे, तेथें आतां ओळखहि उपयोगाची नव्हती.

जर्मनीनें हाच रस्ता निराळ्या पावलांनीं चालून दाखविला. तेथेंहि खोल खाणींचा कोळसा परवडत नव्हता. पण २००७ मध्यें सरकार, कंपनी व कामगारसंघ यांनीं एकत्र बसून शेवटची तारीखच ठरवून टाकली, आणि वयस्कांना लवकर निवृत्ति व तरुणांना दुसरें शिक्षण देत देत २१ डिसेंबर २०१८ रोजीं प्रॉस्पर-हानियेल ही शेवटची खाण मिटविली. सक्तीनें कोणाला घरीं बसविलें नाहीं. यासाठीं पैसा बेसुमार लागला, हेंहि खरें.

ब्रिटनमध्यें खाणी मिटल्या तरी कोळसा जळणें थांबलें नव्हतें. इंग्रजींत निरर्थक खटाटोपाला 'न्यूकॅसलला कोळसा नेणें' अशी म्हण आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच न्यूकॅसलच्या टाइन नदीवरील बंदरांत परदेशी कोळसा खरोखर उतरूं लागला! म्हणजे धूर आपल्या देशाचा, मजुरी मात्र परक्या देशाची. हवामान बिघडतें म्हणून कोळसा सोडावयाचा हा विचार नंतरचा. तो बलवत्तर होता यांत शंका नाहीं. २०१२ मध्यें देशाची सुमारें चाळीस टक्के वीज कोळशावर होत होती, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजीं रॅटक्लिफ येथील शेवटचें कोळशाचें वीजकेंद्र बंद झालें. लंडनच्या होल्बर्न व्हायाडक्टवर १८८२ सालीं पहिलें केंद्र सुरू झालें, तेव्हांपासूनचा १४२ वर्षांचा अध्याय तेथें संपला. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील शेवटची झोतभट्टीहि विझली, आणि तिची मालकी मुंबईच्या टाटांकडे होती. ज्या देशाच्या कोळशावर मुंबईच्या गिरण्यांची पहिली चाकें फिरलीं, त्या देशाची भट्टी विझविण्याचा निर्णय मुंबईच्या पेढीनें घ्यावा, हें कालचक्र विचित्र खरें. अडीच हजारांहून अधिक माणसांच्या कामाचा प्रश्न तेथेंहि उभा राहिला.

मिटलेल्या खाणी मात्र स्वस्थ बसत नाहींत. पंप थांबले कीं त्यांत पाणी चढूं लागतें, आणि तें गंजलेलें पाणी नद्यांत उतरूं नये म्हणून कित्येक ठिकाणीं पंप कायमचे चालूं ठेवावे लागतात. जमिनीच्या पोटांतलें हें पाणी कोमट असतें. न्यूकॅसलसमोरच्या गेट्सहेड शहरानें २०२३ पासून त्याच पाण्यांतली ऊब काढून ती घरें व कचेऱ्या यांना पुरविण्यास सुरुवात केली आहे. ब्रिटनमधील सुमारें चौथा हिस्सा घरें जुन्या खाणींच्या प्रदेशावर वसलेलीं आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या प्रयोगाचें महत्त्व कळून येतें. कामकऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या निधींतील जी रक्कम सरकारनें आपल्याकडे ठेवून घेतली होती, तिच्यापैकीं दीड अब्ज पौंड परत देण्याचें २०२४ च्या अंदाजपत्रकांत ठरलें आणि एक लक्षाहून अधिक निवृत्त खाणवाल्यांचें वेतन वाढलें. ज्यांना तें पूर्वींच मिळावयास हवें होतें त्यांपैकीं पुष्कळजण तोंवर मातीआड झाले होते.

जुलै महिन्यांतील दुसऱ्या शनिवारीं डरहॅम शहरांत खाणकामकऱ्यांचा मेळा भरतो. १८७१ पासूनची ही प्रथा. प्रत्येक खाणीचा रेशमी झेंडा, पुढें तिचा बँड, मागें गांव, अशा मिरवणुका नदीकांठच्या मैदानाकडे जातात. ज्या खाणींत त्या वर्षीं कोणी दगावला असेल तिच्या झेंड्यावर पूर्वीं काळें वस्त्र घालीत. डरहॅमच्या कोळसाक्षेत्रांतील शेवटची खाण सन्डरलंडजवळची मंकवेअरमथ. ती डिसेंबर १९९३ मध्यें मिटली. तिच्या जागेवर आतां फुटबॉलचें भव्य क्रीडांगण आहे, आणि त्याच्या दाराशीं खाणींत वापरावयाच्या डेव्ही दिव्याची एक मोठी प्रतिकृति उभी आहे. सामन्याच्या दिवशीं लोक तिच्याजवळून आंत जातात. त्यांतल्या कित्येकांचे आजे त्याच जागीं खालीं उतरत असत.